गच्चीवरचा जुना सोलर संच: काय काढायचे, काय ठेवायचे

गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली आणि तेव्हापासून नाशिकमधल्या इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा अशा भागांत गच्च्यांवर काळीभोर पॅनेल दिसण्याचे प्रमाण वाढतच चालले आहे. या नव्या गर्दीत एका जुन्या पिढीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे, म्हणजे घरची जादा वीज वीज कंपनीला देऊन तिचा हिशेब बिलात धरण्याचे, नियम आणले, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत ज्यांनी हौसेने संच बसवले, त्यांच्या पॅनेलना आता दहा वर्षे होत आली आहेत. या मंडळींना सध्या विक्रेत्यांचे फोन येतात आणि त्यांचा आशय साधारण एकच असतो: तुमचा संच जुना झाला, तंत्रज्ञान बदलले, सगळे काढून नवीन बसवून टाका.

माझाही संच जानेवारी २०१६ मधला. असे फोन मलाही आले, आणि एका पावसाळ्यात संचाने खरोखरच आडमुठेपणा सुरू केल्यावर विक्रेत्यांचे म्हणणे खरे असावे असे वाटू लागले. त्यानंतर वर्षभरात जे शिकायला मिळाले, ते सामान्य वाचकाला उपयोगी पडेल अशा क्रमाने येथे मांडले आहे. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे अजूनही निम्म्या घरांत ‘सोलर’ म्हणजे आंघोळीचे पाणी तापवणारी टाकी. हा लेख तिच्याविषयी नसून वीज तयार करणाऱ्या पॅनेलविषयी आहे.

## संच ही एकच वस्तू नव्हे

गच्चीवरच्या संचात ढोबळमानाने चार भाग असतात. पॅनेल उन्हापासून वीज तयार करतात. ही वीज बॅटरीतल्यासारखी एकाच दिशेने वाहणारी असते, तिला डीसी म्हणतात. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, ती एसी. डीसीचे एसीत रूपांतर करणारी भिंतीवरची पेटी म्हणजे इन्व्हर्टर. पॅनेलना आधार देणारा लोखंडी सांगाडा म्हणजे स्ट्रक्चर. चौथा भाग म्हणजे वायरी, जोडण्या, अर्थिंग आणि नेट मीटर. घराने महावितरणकडून घेतलेली आणि महावितरणला दिलेली अशी दोन्ही बाजूंची वीज हे मीटर मोजते.

हे चार भाग एकाच दिवशी बसवले जातात, पण एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. दिंडोरी किंवा निफाडकडे ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. बागेत वेली, मांडव आणि मोटर एकाच वर्षी येतात. मोटर दोनदा जळते तरी वेली उभ्या असतात, आणि पुढे वेली उपटायची वेळ येते तेव्हा मांडवाचे अँगल आणि तारा बऱ्याचदा पुढच्या लागवडीलाही चालतात. मोटर जळाली म्हणून बाग उपटणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. सोलरच्या बाबतीत मात्र नेमका तोच सल्ला सर्रास दिला जातो. इन्व्हर्टर साधारण दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो हे गृहीतच धरायचे असते, तर चांगली पॅनेल पंचवीस वर्षे आणि त्यापुढेही चालतात. इन्व्हर्टर बंद पडल्याच्या दिवशी ‘संच गेला’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

## म्हातारपण वेगळे, आजार वेगळा

पॅनेलची क्षमता दरवर्षी थोडी घटते. पहिल्या वर्षी ही घट किंचित जास्त असते, नंतर वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण टक्का. किलोवॉट हे क्षमतेचे माप आहे आणि महाराष्ट्रातल्या उन्हात एका किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरतात, म्हणजे माझ्या ३ किलोवॉटच्या संचाने सुरुवातीला दिवसाला सुमारे १२ युनिट द्यायला हवी होती. दहा वर्षांनंतर म्हातारपणामुळे ती ११ च्या आसपास यावीत. तुमच्याकडे १२ ची ११ झाली असतील, तर तो वयाचा परिणाम आहे आणि त्यावर काहीही करण्याची गरज नाही. १२ ची ७ झाली असतील, तर तो आजार आहे, आणि आजाराला कारण असते.

ते कारण शोधताना सर्वांत आधी गच्चीवर उभे राहून आजूबाजूला पाहावे. नाशिकच्या सिडकोत दहा वर्षांपूर्वी बैठ्या असलेल्या किती घरांवर मजले चढले आहेत, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. शेजारच्या नव्या जिन्याची किंवा पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर पॅनेलच्या एका कोपऱ्यावर येऊ लागली, तर नुकसान त्या कोपऱ्यापुरते राहत नाही. जुन्या पॅनेलमध्ये साधारणपणे वीज तयार करणाऱ्या साठ चकत्या (सेल) एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे वीस-वीसचे तीन गट असतात. त्यांतल्या एका चकतीवर गडद सावली पडली की तिचा पूर्ण गट बाजूला टाकला जातो, म्हणजे हातरुमालाएवढ्या सावलीने एक तृतीयांश पॅनेल झोपते. याला इलाज नवे पॅनेल नव्हे. फार तर पॅनेलची जागा बदलता येते.

दुसरे कारण धूळ आणि कबुतरे. शहराच्या कडेला जिथे बांधकामे चालू आहेत, किंवा मखमलाबादकडे जिथे बंगल्याच्या कुंपणापलीकडे मळ्यात फवारणी होते, तिथे काचेवर बसणारा थर नुसत्या पावसाने जात नाही.

मोजमापाविषयी एक सूचना. तुलना नेहमी त्याच महिन्याची मागील वर्षांच्या त्याच महिन्याशी करावी. मे महिन्यात पॅनेल तापून ६५ अंशांपर्यंत जाते आणि पंचवीस अंशांपुढच्या प्रत्येक अंशाला जुने पॅनेल सुमारे ०.४ टक्के क्षमता गमावते. म्हणजे भर दुपारी, कडकडीत उन्हात, ते आपल्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा सोळा टक्के कमी देत असते आणि तरीही ठणठणीत असते. अशा दुपारी आलेला विक्रेता क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारे साधन) लावून ‘बघा, किती कमी येतंय’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण पूर्ण खरेही सांगत नसतो.

## माझ्या इन्व्हर्टरचा लाल दिवा

जुलैमध्ये माझा इन्व्हर्टर सकाळी सुरू होईना. लाल दिवा लागलेला, पडद्यावर आयसोलेशन फॉल्टचा संदेश. अकराच्या सुमारास ऊन पडले की तो आपोआप चालू होई आणि संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चाले. ज्यांनी संच बसवला होता त्यांनी फोनवरच निदान केले की इन्व्हर्टर संपला, पॅनेलही जुनी झाली, सगळेच बदलावे.

आयसोलेशन म्हणजे वीजवाहक भाग आणि बाहेरची ॲल्युमिनियमची चौकट यांच्यामधला विजेचा अटकाव. इन्व्हर्टर रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी हा अटकाव मोजतो आणि तो कमी आढळला तर चालू होण्यास नकार देतो. रात्रीच्या पावसाने ओली झालेली पॅनेल सकाळी गळती दाखवत होती आणि वाळल्यावर दाखवत नव्हती, इतका सरळ हिशेब होता. इन्व्हर्टर बिघडलेला नव्हता, उलट तो आपले काम चोख करत होता.

ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनबरोबर मी पॅनेलच्या खाली आडवा झालो. पॅनेलच्या पाठीला प्लॅस्टिकचे एक पांढरे आवरण असते, त्याला बॅकशीट म्हणतात. बारापैकी नऊ पॅनेलचे आवरण मळकट पण अखंड होते. उरलेल्या तिघांवर बोट फिरवले तर फळ्यावरच्या खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली, आणि चकत्यांच्या रांगांमधून उभ्या चिरा गेलेल्या दिसल्या. एका ठिकाणी तर कांद्याच्या वाळल्या पापुद्र्यासारखा तुकडा नखाने सुटून आला. त्याच रांगेत दोन वायरींची एक जोडणी एका बाजूने वितळून तपकिरी झाली होती.

पॅनेल काढण्याचे खरे कारण हे असते. वीज कमी येते हे नव्हे, तर वीज जिथे यायला नको तिथे येते हे. बॅकशीट फाटली की ओल्या दिवशी चौकटीला हात लावणेही धोक्याचे होते, आणि अर्थिंगची पट्टी गंजून तुटली असेल तर हा धोका शेकडो व्होल्टचा असतो. काचेवरच्या पिवळसर छटेपेक्षा आणि चकत्यांवर उमटलेल्या गोगलगाईच्या वाटेसारख्या रेषांपेक्षा पाठीकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण त्यासाठी झोपावे लागते.

ती तीन पॅनेल आम्ही रांगेतून काढली, वितळलेली जोडणी बदलली आणि नऊ पॅनेलवर संच पुन्हा सुरू केला. नऊ पॅनेलचा एकत्रित विजेचा दाब (व्होल्टेज) इन्व्हर्टरच्या पाटीवर दिलेल्या मर्यादेत बसत होता म्हणून हे शक्य झाले. सहा उरली असती तर कदाचित बसला नसता.

## ‘पण पंचवीस वर्षांची वॉरंटी होती ना?’

होती, पण ती कशाची होती हे पाहावे लागते. पॅनेलवर दोन वेगवेगळ्या वॉरंटी असतात. पंचवीस वर्षांची वॉरंटी क्षमतेची असते: दहा वर्षांनी ९० टक्के आणि पंचवीस वर्षांनी ८० टक्के, असे तिचे जुने आणि सर्वपरिचित स्वरूप आहे. वस्तूतील दोषाची वॉरंटी, म्हणजे बॅकशीट फाटणे, पाठीवरचा वायरींचा डबा सुटणे वगैरे, त्या काळच्या पॅनेलवर बहुधा दहा वर्षांची असे. इन्व्हर्टरची याहून कमी. माझी तीन पॅनेल दहा वर्षे पूर्ण होण्याच्या काही महिने आधीच बिघडली होती, त्यामुळे कागदावर माझा दावा बसत होता. परंतु पॅनेल खाली उतरवणे, पोहोचवणे, नवीन वर चढवणे हा खर्च वॉरंटीत सहसा धरलेला नसतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या आकाराचे पॅनेल आता सहजासहजी मिळतही नाही. दावा मान्य झाला तरी हातात काय पडेल, हा प्रश्न उरतोच. बिलावर पॅनेलचे अनुक्रमांक आहेत का, हे आजच पाहून ठेवावे. ते नसतील तर पॅनेलच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो काढावा, कारण ती पट्टी उन्हाने पुसट होते.

## ‘तीनच पॅनेल नवीन टाकली तर?’

हा सर्वांत स्वाभाविक विचार आहे आणि तो बहुतेक वेळा फसतो. स्लॅब टाकताना घमेल्यांची साखळी आपण पाहिली असेल. दहा माणसे रांगेत उभी असतात आणि घमेले हातोहात वर जाते. त्यात एक माणूस सावकाश असेल, तर बाकीचे नऊ पैलवान असले तरी वर पोहोचणारा माल त्या सावकाश माणसाच्याच वेगाने पोहोचतो. पॅनेल अशाच साखळीत जोडलेली असतात आणि तिला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगमधून वाहणारा प्रवाह सर्वांत कमकुवत पॅनेल ठरवते.

माझी जुनी पॅनेल २५० वॉटची, म्हणजे चांगल्या उन्हात सुमारे ८ अँपिअर देणारी. आज बाजारात सर्रास मिळणारे ५५० वॉटचे पॅनेल सुमारे १३ अँपिअर देते. ते या रांगेत उभे केले, तर तेही आठावरच अडते आणि आपण मोजलेल्या पैशांतला मोठा भाग वाया जातो. नव्या पॅनेलची वेगळी स्ट्रिंग करून ती इन्व्हर्टरच्या वेगळ्या इनपुटला जोडली तर दोन्ही पिढ्या शेजारी-शेजारी नांदू शकतात, परंतु त्यासाठी इन्व्हर्टरला असे दोन स्वतंत्र इनपुट हवेत. शिवाय जुन्या इन्व्हर्टरची प्रवाहाची मर्यादा बहुधा दहा-अकरा अँपिअरची असते, त्यामुळे नव्या पॅनेलचे वरचे दोन-तीन अँपिअर तो घेतच नाही.

उलट दिशेने मात्र वाट मोकळी आहे. जुन्या, निरोगी पॅनेलना नवा इन्व्हर्टर बहुतेक वेळा चालतो. स्ट्रिंगचा एकूण दाब त्याच्या मर्यादेत बसतो की नाही, एवढे पाहावे लागते.

## पूर्ण बदल कधी परवडतो

येथे विक्रेत्याच्या हिशेबातली एक गफलत उघड करणे आवश्यक वाटते. त्याच्या कागदावर नव्या संचाची तुलना शून्याशी केलेली असते: ४ किलोवॉट बसवा, दिवसाला १६ युनिट, वर्षाला ५,८०० च्या वर युनिट, इतक्या वर्षांत पैसे वसूल. ज्याच्या गच्चीवर काहीच नाही त्याच्यासाठी हा हिशेब बरोबर आहे. ज्याचा जुना संच दिवसाला साडेदहा युनिट देतो आहे, त्याला नव्या संचातून मिळणारी खरी भर साडेपाच युनिटांची, म्हणजे वर्षाला दोन हजारांची आहे. सगळा खर्च त्या दोन हजारांनी वसूल व्हायचा आहे. इन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तर एका बाजूला फक्त इन्व्हर्टरचा खर्च आणि साडेदहा युनिट, दुसऱ्या बाजूला पूर्ण संचाचा खर्च आणि सोळा युनिट, अशी मांडणी करावी. बहुतेक वेळा पहिली बाजू जिंकते.

तरीही पूर्ण बदल शहाणपणाचा ठरतो अशा परिस्थिती आहेत. गच्चीची जागा मर्यादित असून विजेची गरज वाढली असेल, घरात हवा थंड करणारा एसी किंवा विजेवरची गाडी आली असेल, तर जागेचा हिशेब महत्त्वाचा होतो. माझी बारा पॅनेल सुमारे २१० चौरस फूट जागा व्यापत होती आणि ३ किलोवॉट देत होती. ५५० वॉटची सहा पॅनेल १६७ चौरस फुटांत ३.३ किलोवॉट देतात. दुसरी परिस्थिती म्हणजे अनेक पॅनेलची बॅकशीट एकाच वेळी जाणे, कारण एका खेपेतली पॅनेल बहुधा एकाच खेपेत बिघडतात. तिसरी म्हणजे गच्चीचे वॉटरप्रूफिंग. त्यासाठी संच उतरवायचाच असेल, तर उतरवण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च दोनदा करण्यात अर्थ नाही. माझ्या बाबतीत दुसरी आणि तिसरी गोष्ट एकत्र आली. उरलेल्या नऊमधल्या आणखी दोघांना चिरा पडू लागल्या आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आली, म्हणून दिवाळीनंतर पूर्ण संच उतरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्याचा थोडा हातभार लागला.

पॅनेल आणखी स्वस्त होतील म्हणून थांबावे का, असेही विचारले जाते. पॅनेल होतील कदाचित. लोखंड, सिमेंट आणि मजुरी होणार नाही.

## अनुदान आणि कागद

सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॉट व त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. परंतु सोलर पॅनेलसाठी आधी दुसरे अनुदान घेतलेल्या घराला ते मिळत नाही. मी २०१६ मध्ये केंद्राचे ३० टक्के अनुदान घेतले होते, त्यामुळे माझा प्रश्न तिथेच मिटला. ‘आपण नव्या नावाने अर्ज करू’ असे सुचवणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. अनुदान घेणाऱ्याला भारतीय बनावटीच्या चकत्यांची पॅनेलच बसवावी लागतात, हे दरपत्रक तपासताना लक्षात ठेवावे.

महावितरणकडे काय कळवायचे, हा दुसरा प्रश्न. नेट मीटरच्या करारात संचाची क्षमता लिहिलेली असते. क्षमता वाढणार असेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी तांत्रिक शक्यता तपासण्याची पायरी २०२४ मधील नियमदुरुस्तीने काढून टाकली आहे, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. क्षमता तीच राहणार असली तरी पॅनेल व इन्व्हर्टर बदलल्याचे उपविभागीय कार्यालयात लेखी देऊन पोच घ्यावी.

नेट मीटरला मात्र स्वतः हात लावू नये, आणि संच उतरवलेल्या काळात कोणी साधे मीटर बसवून गेले, तर नवा संच चालू करण्यापूर्वी नेट मीटर परत बसले आहे याची खात्री करावी. काही साधी इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. तसे झाले तर आपण दिलेल्या विजेचे बिल आपल्यालाच येते.

## उतरवण्याचा दिवस

‘दिवे गेले की सोलरही बंद पडते, मग मेन स्विच पाडला की काम सुरक्षित,’ असा समज सार्वत्रिक आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. महावितरणचा पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टर थांबतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसू नये. पॅनेल मात्र ऊन आहे तोवर वीज तयार करतच असतात, त्यांना स्विच नसतो. माझ्या बारा पॅनेलच्या स्ट्रिंगच्या दोन टोकांत, काहीही जोडलेले नसताना, साधारण ४५० व्होल्ट डीसी होता.

डीसीचा स्वभावही वेगळा आहे. एसीचा प्रवाह प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे जोडणी तोडताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. प्रवाह चालू असताना जोडणी ओढली, तर ठिणगीचा जाळ होतो आणि तो तसाच पेटत राहतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच, मग डीसी स्विच, मग इन्व्हर्टरमध्ये साठलेली वीज ओसरण्यासाठी काही मिनिटे थांबणे, मग क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच जोडण्या सोडवणे. ‘मग रात्री काढू’ हाही उपाय नव्हे. अंधारात गच्चीच्या कडेला वीस किलोचे काचेचे पान घेऊन चालणे हे झटक्यापेक्षा कमी धोक्याचे नाही. सकाळी लवकर, पॅनेलवर जाड ताडपत्री टाकून, दोन माणसांनी एक पॅनेल धरून काम करावे. कामगारांना कंबरेचे पट्टे आहेत का हे मालकाने विचारावे. विचारले की येतात, असा अनुभव आहे.

जुने स्ट्रक्चर ठेवावे की नाही, याचे उत्तर लोखंड पाहून द्यावे. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर फक्त पृष्ठभागी डाग असतील तर हरकत नाही, वेल्डिंगच्या जागा पोखरल्या असतील तर ते भंगारात द्यावे. मांडवाची उपमा येथे थोडी तोकडी पडते, कारण नवे पॅनेल सुमारे २८ चौरस फुटांचे, म्हणजे घराच्या दारापेक्षा मोठे असते आणि ते कोठे आवळायचे ते ठिकाण कंपनीने ठरवून दिलेले असते. जुन्या पट्ट्यांचे अंतर त्याला जुळत नाही. भारतीय मानकानुसार नाशिकसाठी बांधकामाच्या हिशेबात धरायचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. एवढ्या वाऱ्यात दाराएवढे पान शिडासारखे वर ओढले जाते. म्हणून ‘दोन क्लॅम्प कमी लावले तरी चालतात’ हे वाक्य ऐकू आले, तर तिथेच काम थांबवावे.

स्ट्रक्चरचे पाय काढताना बोल्ट हातोड्याने हलवून उपटू नयेत. त्याने कोबा फुटतो आणि ओल नेमकी तिथून शिरते. बोल्ट पृष्ठभागाच्या खाली कापून, भोक ग्राउटने भरून, त्यावर वॉटरप्रूफिंग करावे आणि गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस पाहावे. नव्या स्ट्रक्चरसाठी गच्चीला भोक न पाडता वर ठेवता येणारे काँक्रीटचे जड ठोकळे शक्य असतील तर तेच घ्यावेत, मात्र स्लॅबला ते वजन पेलते का हे इंजिनिअरला विचारून. ही सगळी कामे दिवाळी ते होळी या काळातली आहेत. मृगाच्या तोंडावर गच्ची उघडी टाकणाऱ्याला सल्ला देण्यात अर्थ नसतो.

## ‘भंगारवाला नेईल की’

नेईल, आणि आनंदाने नेईल. तो ॲल्युमिनियमची चौकट काढेल, मागच्या डब्यातली तांब्याची वायर कापून घेईल आणि उरलेले काचेचे पान कुठल्या तरी नाल्याच्या कडेला जाईल. पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काच असते, एक दशांशाच्या आसपास ॲल्युमिनियम, आणि बाकीच्यात प्लॅस्टिक, सिलिकॉन, तांबे, थोडी चांदी आणि डाखातले शिसे. यातले चांदी आणि सिलिकॉन मोलाचे, शिसे घातक, आणि हे सगळे काच व प्लॅस्टिकच्या मध्ये उष्णता देऊन चिकटवलेले. लॅमिनेट केलेल्या आधार कार्डाचे प्लॅस्टिक कार्ड न फाडता सोलून पाहावे, म्हणजे पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याची अडचण लक्षात येईल. त्यासाठी भट्टीत तापवणे किंवा यंत्राने थर खरवडणे असे मार्ग आहेत, पण ते गल्लीत करण्याचे नाहीत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलचा समावेश आहे. पॅनेल बनवणाऱ्यांनी व आणणाऱ्यांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत नियमानुसार साठवून ठेवायचा आहे. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्येच असा अंदाज मांडला होता की २०५० पर्यंत जगभरात ७.८ कोटी टनांपर्यंत पॅनेलचा कचरा साठू शकतो, त्यामुळे ही तरतूद घाईची म्हणता येणार नाही. घरमालकासाठी व्यवहाराचा भाग एवढाच की नव्या संचाचे दरपत्रक घेताना जुनी पॅनेल कोण नेणार, कुठे देणार आणि त्याची पावती मिळणार का, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. मी विचारले तेव्हा तीनपैकी दोघांनी ‘बघू नंतर’ म्हटले. काम तिसऱ्याला दिले. संचाला बॅटऱ्या असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत, पण जुनी बॅटरी विक्रेत्याला परत देण्याची आपली सवय तिथे कामाला येते.

निरोगी पॅनेल दुसऱ्याला वापरायला देणे हा याहूनही चांगला मार्ग आहे. गोठ्यातला पंखा, शेततळ्यावरचा दिवा, मळ्यातली छोटी मोटर यांना नेट मीटर लागत नाही. मात्र एकेक पॅनेल वेगळे वापरावे, रांग करून शेकडो व्होल्ट तयार करण्याचा प्रयोग माहितगाराशिवाय करू नये, आणि फाटलेल्या पाठीचे पॅनेल कोणालाही देऊ नये, फुकटसुद्धा.

चिरा पडलेली पाच पॅनेल पावती घेऊन गेली. उरलेली सात निफाडच्या मेव्हण्यांकडे जायची आहेत. तोवर ती जिन्याच्या खोलीत उभी टेकवून ठेवली आहेत, वायरींच्या टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालून. परवा सकाळी खिडकीतून ऊन आत आले होते, तेव्हा सहज पुढच्या पॅनेलची टोपी काढून मीटर लावला. काटा छत्तीस व्होल्टवर गेला. टोपी परत बसवली आणि पॅनेलचे तोंड भिंतीकडे वळवून ठेवले.